उंदीर, पिसवा आणि विहिरी : मुंबईतील साथींचा क्षेत्रीय शोध (१८९६–१९२८)

मुंबईतील साथींचा इतिहास बहुधा सरकारी सक्ती, लोकांचा क्षोभ आणि लसीचा शोध या तीन सूत्रांभोवती मांडला जातो. त्याच वर्षांत त्याच शहरात, परळ-वडाळ्याच्या वस्त्यांत, बंदराच्या गोदामांत आणि गिरगावच्या चाळींच्या चौकांत आणखी एक संशोधन चालू होते, आणि त्याचा उल्लेख मात्र ओझरता होतो. उंदराच्या अंगावर कोणत्या जातीची पिसू राहते, उंदीर मेल्यावर ती कोठे जाते, कोणता डास कोणत्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या कोणता मासा खातो, असे वरवर पाहता क्षुल्लक वाटणारे प्रश्न त्या संशोधनाच्या केंद्रस्थानी होते. एका जीवाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्यावरच जगणाऱ्या जीवाला परोपजीवी म्हणतात, तो ज्याच्यावर जगतो त्याला यजमान म्हणतात, आणि रोगजंतू एका यजमानाकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या जीवाला वाहक म्हणतात. या तिघांचे संबंध पिंजऱ्यापुरते न पाहता ते जेथे नांदतात तेथे जाऊन तपासणे म्हणजे क्षेत्रीय संशोधन होय. १८९६ ते १९२८ या काळात मुंबईत झालेल्या अशा संशोधनाने रोगाचा दोष माणसांच्या राहणीवर ठेवण्याची तत्कालीन सवय मोडीत काढली आणि त्या जागी जीवांच्या निवासस्थानांचा विचार आणला, हे त्याचे सर्वांत मोठे कार्य मानले पाहिजे.

या दृष्टीची मुळे प्लेगच्या आधीच शहरात रुजली होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली, आणि त्यांतील दोघे भारतीय, डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि डॉ. सखाराम अर्जुन, हे व्यवसायाने वैद्यक क्षेत्रातले होते. १८६७ मध्ये आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे मंदिर गिरगावात आजही उभे आहे. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींची त्यांनी सूची तयार केली होती. संस्थापकांपैकीच एक असलेले ई. एच. एटकेन हे मीठ आणि जकात खात्यातले अधिकारी होते, तरी वाचक त्यांना घराच्या अंगणातल्या पाखरा-किड्यांवर खुसखुशीत लिहिणारे लेखक म्हणून ओळखत. १८८६ पासून निघू लागलेल्या संस्थेच्या नियतकालिकात शिकारी, वकील, डॉक्टर आणि जकात अधिकारी आपापली निरीक्षणे शेजारी शेजारी छापीत असत. जीवांना अचूक नाव देणे, ते कोठे आणि कोणत्या ऋतूत आढळतात याची नोंद ठेवणे आणि कोण कोणाला खातो हे पाहणे ही सवय त्यामुळे शहरातल्या सुशिक्षित वर्गाच्या एका भागात मुरली होती, आणि पुढे तिचा उपयोग अगदी अनपेक्षित ठिकाणी झाला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी बंदराजवळच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसाच्या शरीरात कसा शिरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानाची जागा घाणीच्या कल्पनेने भरून काढली. रोग जमिनीत, ओलीत, कोंदट हवेत आणि कपड्यालत्त्यात मुरतो असे गृहीत धरून नगरपालिकेने घरोघर जंतुनाशके फवारली, गटारे समुद्राच्या पाण्याने धुतली, घरांच्या जमिनी उकरल्या आणि रोग्यांचे सामान जाळले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला, झडत्यांना अधिकार मिळाला, आणि शहराच्या जवळजवळ निम्म्या लोकांनी मुंबई सोडली. पुण्यात याच धोरणाच्या अंमलबजावणीतून उसळलेल्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ रोजी तेथील प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाला. या सर्व उपायांमागे एक न बोललेला निष्कर्ष होता, तो असा की रोग हा गरिबांच्या आणि देशी लोकांच्या राहणीतून उपजतो, म्हणून राहणीवर आघात केला की रोगही हटेल.

पिसूचा संशय त्याच वेळी व्यक्त झाला होता. पाश्चर संस्थेचे पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर मुंबईत आणि कच्छमध्ये साथ पाहून कराचीला गेले, आणि तेथे २ जून १८९८ रोजी त्यांनी प्लेगने मरणाऱ्या उंदराच्या अंगावरील पिसवांपासून दुसऱ्या, निरोगी उंदराला रोग झाल्याचे दाखवले. तथापि त्यानंतर देशभर फिरलेल्या सर टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील इंडियन प्लेग कमिशनने हा सिद्धान्त दखल घेण्याजोगा मानला नाही. त्याचे एक कारण प्रयोगांच्या तपशिलात होते. इतर संशोधकांनी सिमाँचा प्रयोग करून पाहिला तेव्हा त्यांना यश आले नाही, कारण ‘पिसू’ या एका नावाखाली कुत्र्याची, मांजराची, माणसाची आणि उंदराची अशा वेगवेगळ्या पिसवा त्यांच्या हाती येत होत्या, आणि त्या प्रत्येकीचा आवडता यजमान निराळा असतो याकडे कोणाचे लक्ष नव्हते. १९०३ मध्ये चार्ल्स रॉथशिल्ड यांनी सुदानमधून आणलेल्या एका पिसूचे वर्णन करून तिला इजिप्तच्या पिरॅमिडवाल्या राजावरून ‘किऑपिस’ हे प्रजातीनाम दिले. मुंबईच्या उंदरांवर मोठ्या प्रमाणात आढळणारी पिसू तीच असल्याचे पुढे स्पष्ट झाले, आणि तेथून चर्चेला टणक जमीन मिळाली.

हे काम ज्या वास्तूत झाले ती परळची जुनी गव्हर्नर कोठी होती. पोर्तुगीज काळातल्या मठाच्या जागी उभ्या राहिलेल्या या वाड्यात मुंबईचे गव्हर्नर राहत. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तेथे पटकीने मृत्यू झाल्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. प्लेगच्या काळात तेथे काही दिवस रुग्णालय चालले, आणि १८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची लस बनवणारी प्रयोगशाळा तेथे आली. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कॅप्टन विल्यम ग्लेन लिस्टन हे याच प्रयोगशाळेत कामाला होते, आणि ते जंतुशास्त्रज्ञ जेवढे होते तेवढेच कीटकांचे निरीक्षकही होते. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमधील प्राणिसंग्रहालयात गिनिपिग एकाएकी मरू लागले तेव्हा त्यांनी त्या प्राण्यांच्या अंगावरील पिसवा गोळा केल्या, आणि एरवी गिनिपिगवर न आढळणारी उंदराची पिसू तेथे विपुल असल्याचे त्यांना दिसले. उंदीर मेले की त्यांच्यावर जगणाऱ्या पिसवा उपाशी राहून जवळच्या उबदार शरीराकडे वळतात, हा अर्थ त्यातून निघत होता.

त्याची पडताळणी शहरातल्या एका मोठ्या चाळीत झाली. तेथे उंदीर पटापट मरून पडले, त्यानंतर काही दिवसांतच रहिवाशांना पिसवांचा असह्य उपद्रव होऊ लागला, आणि मग प्लेगचे रोगी निघाले. लिस्टन यांनी त्या रहिवाशांच्या अंगावरून पिसवा पकडल्या तेव्हा त्यांत उंदरांच्या पिसवांचा वाटा मोठा होता, आणि साधारण काळात माणसांवर ही पिसू क्वचितच सापडते हेही त्यांनी ताडून पाहिले होते. ओस पडलेल्या खोल्यांत गिनिपिग मोकळे सोडून ते पिसवांचे सापळे म्हणून वापरण्याची त्यांची युक्ती पुढे या शास्त्राची नेहमीची पद्धत झाली. या निरीक्षणांवरील त्यांचा ‘प्लेग, उंदीर आणि पिसवा’ या विषयाचा निबंध १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि पक्षी, सर्प व फुलपाखरांच्या नोंदींबरोबर छापलेला तो लेख प्लेगच्या इतिहासातला एक आधारस्तंभ ठरला.

त्याच वर्षी इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी आणि लंडनची लिस्टर इन्स्टिट्यूट यांनी मिळून नवे संशोधन मंडळ नेमले, आणि त्याचे मुख्य ठाणे परळला पडले. लिस्टर इन्स्टिट्यूटचे संचालक चार्ल्स मार्टिन यांच्या मार्गदर्शनाखाली जॉर्ज लँब, लिस्टन, जी. एफ. पेट्री आणि सिडनी रोलंड यांनी काम केले, आणि एम. केशव पै व सी. आर. अवारी यांच्यासारख्या भारतीय डॉक्टरांनी त्यातला मोठा भार उचलला. त्यांनी प्रयोगासाठी सहा छोट्या गोदामवजा खोल्या बांधल्या आणि त्यांची छपरे मुद्दाम वेगवेगळी ठेवली. देशी कौलांच्या छपरात उंदरांना घर करता येत होते, सपाट मंगलोरी कौलांत त्यांना तेवढा आसरा मिळत नव्हता आणि पत्र्याच्या छपरात मुळीच मिळत नव्हता. छपराखाली जाळी बसवल्यामुळे उंदीर खाली उतरू शकत नसत, पण पिसवा खाली पडू शकत. आत गिनिपिग ठेवल्यावर असे दिसले की जेथे छपरात उंदीर होते तेथे पिसवा होत्या, आणि जेथे पिसवा होत्या तेथेच प्लेग पसरत होता.

पुढचा प्रयोग उंचीचा होता. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर आणि दुसरा दोन फुटांवर टांगला, तेव्हा खालच्या पिंजऱ्यातील प्राणी आजारी पडले आणि वरचे सुरक्षित राहिले, कारण ही पिसू जेमतेम चार-पाच इंच उडी मारते. रोग हवेतून पसरत असता तर दोन्ही पिंजऱ्यांतील हवा एकच होती. याउलट पिसवा नसताना रोगी आणि निरोगी गिनिपिग एकत्र ठेवले, आजारी मादीची पिले तिच्या अंगावर पिऊ दिली, तरी संसर्ग झाला नाही. सर्वांत बोलका प्रयोग जमिनींचा होता. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मुद्दाम प्लेगचे जंतू ओतले तर ती अठ्ठेचाळीस तासांनंतर संसर्गकारक राहत नसे, आणि चुन्याची जमीन तर चोवीस तासांतच निर्धोक होत असे. नऊ वर्षांपूर्वी ज्या जमिनी उकरून, जाळून आणि धुऊन लोकांना घराबाहेर काढले होते, त्यांच्यावरचा आरोप या एका निष्कर्षाने खोटा पडला.

मंडळाचे काम प्रयोगशाळेच्या भिंतींत मावणारे नव्हते. शहरभरातून पकडलेले आणि मेलेले उंदीर, प्रत्येकावर सापडल्या जागेची चिठ्ठी लावून, परळला आणले जात आणि त्यांची चिरफाड होई. वर्षभरात तपासलेल्या उंदरांची संख्या लाखावर गेली. शीव, वडाळा, परळ आणि वरळी ही तेव्हा शहराच्या कडेला असलेली गावे स्वतंत्र अभ्यासासाठी निवडली गेली, कारण तेथे घरे मोजता येण्याजोगी होती आणि रोग एका घरातून दुसऱ्यात कसा जातो हे नकाशावर दाखवता येत होते. या नोंदींतून एक ठरावीक क्रम उभा राहिला. गटारांत आणि घरांमधल्या अरुंद गल्ल्यांत राहणाऱ्या तपकिरी उंदरांत साथ आधी उठे, सुमारे दहा दिवसांनी ती छपरांत आणि कोठारांत राहणाऱ्या काळ्या उंदरांत पोहोचे, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसे आजारी पडू लागत. पिसूने उपाशीपणी माणसावर जाण्याचे दिवस, रोग अंगात मुरण्याचे दिवस आणि रोगी दगावण्यापर्यंतचे दिवस यांची बेरीज या अंतराशी जुळत होती. तपकिरी उंदीर माणसापासून अंतर राखतो आणि काळा उंदीर त्याच्या धान्याजवळ झोपतो, म्हणून माणसाला खरा धोका दुसऱ्याचा, हेही त्यातून कळले.

मंडळाच्या कामातली एक उणीव पुढच्या संशोधनाने भरून काढली, आणि ती नावाच्या अचूकतेचीच होती. भारतातल्या उंदरांवरच्या ज्या पिसवा एकाच प्रजातीच्या समजल्या जात होत्या त्यांत प्रत्यक्षात तीन प्रजाती होत्या, हे रॉथशिल्ड यांनी १९१४ मध्ये मांडले. त्यांपैकी ‘अॅस्टिया’ नावाची पिसू प्लेग पसरवण्यात दुबळी आहे, असे कोलंबोच्या फॅबियन हर्स्ट यांनी दाखवले, आणि मद्रासला प्लेगची झळ मुंबईच्या मानाने कमी का लागली याचे एक उत्तर मिळाले. त्याच वर्षी लंडनमध्ये आर्थर बॅकॉट आणि मार्टिन यांनी पिसूच्या पोटातली यंत्रणा उलगडली. जंतूंच्या वाढीने तिच्या अन्ननलिकेचा मार्ग बंद होतो, भूक न शमल्याने ती पुन्हा पुन्हा चावते आणि अडलेले रक्त जंतूंसकट यजमानाच्या जखमेत परत जाते. परोपजीवी पिसू अशा रीतीने स्वतःही रोगाची बळी असते.

लिस्टन यांचा पहिला अभ्यास मात्र पिसवांचा नव्हता. वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अमरावती जिल्ह्यातील अचलपूर, येथील छावणीत असताना त्यांनी अॅनोफिलिस डासांची पाहणी केली होती, आणि १९०१ मध्ये तेथील एका नव्या प्रजातीला हिवतापाचे संशोधक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफन्स यांच्यावरून ‘स्टिफेन्सी’ हे नाव दिले होते. रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिल्यापासून कोणता डास कोठे राहतो या प्रश्नाला वैद्यकीय महत्त्व आले होते. एटकेन यांनीही गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर शिपाई हिवतापाने का आजारी पडतात याचा तपास करताना एक नवी प्रजाती शोधली, आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. शहराच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती एलिचपूरची प्रजाती.

१९०५ नंतर अलेक्झांड्रा गोदीचे बांधकाम सुरू झाले, बाहेरून हजारो मजूर आले, आणि बंदर व फोर्ट भागांत हिवताप वाढला. मुंबई सरकारने डॉ. चार्ल्स बेंटली यांच्याकडे चौकशी सोपवली आणि त्यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यांत हिवताप पसरवणारे डास भातखाचरांत आणि ओढ्यांत वाढत, पण मुंबईत रोगाचा वाहक स्टिफेन्सी होता, आणि त्याच्या अळ्या विहिरींत, हौदांत, कारंज्यांत आणि टाक्यांत, म्हणजे स्वच्छ पाण्यात सापडत होत्या. गिरगाव या दृष्टीने अगदी नमुनेदार होते. मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, खोताची वाडी ही एके काळची बागायत होती. नारळी-पोफळींसाठी खणलेल्या विहिरी बागा जाऊन चाळी उभ्या राहिल्या तरी चौकात तशाच राहिल्या. विहारचे पाणी १८६० मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये आल्यावर पिण्यासाठी विहिरीची गरज घटली, पण पूजेसाठी, सणावारी आणि नळ बंद पडल्यावर तिचा आधार कायम राहिला. घाणीच्या सिद्धान्ताला येथे दुसरा धक्का बसला, कारण गटारातल्या पाण्यात वाढणारा डास हिवताप पसरवीत नव्हता, आणि जो पसरवीत होता तो नेटक्या, घासून ठेवलेल्या विहिरीत वाढत होता.

उपाय सुचले ते दोन होते, विहिरी बंद करणे किंवा अळ्यांचे भक्षक, म्हणजे त्यांना खाऊन जगणारे जीव, त्यांत सोडणे. अॅनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते, त्यामुळे वर वळलेल्या तोंडाचा आणि पृष्ठभागावर चरणारा छोटा मासा तिचा नैसर्गिक शत्रू ठरतो. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे सीमोर सेवेल आणि बी. एल. चौधुरी यांनी १९१२ मध्ये डास खाणाऱ्या भारतीय माशांची माहिती पुस्तिकारूपाने दिली, आणि कोकणात पिकू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाचे कुल त्यांत महत्त्वाचे होते. हा उपाय स्वस्त होता आणि देवधर्माच्या आड येत नव्हता, पण त्याला मर्यादा होत्या. पाण्यावर पाने आणि निर्माल्य तरंगत असले की अळ्यांना लपायला जागा मिळे, पोहऱ्यातून मासे बाहेर जात, विहीर उपसली की ते संपत, आणि गच्चीवरच्या बंद टाक्यांत ते टिकवणे अवघड होते. भक्षक सोडणे म्हणजे त्याची निगा राखणे, हा धडा त्यातून मिळाला.

विहिरी बुजवण्याच्या आदेशाला विरोध झाला तो केवळ पाण्यासाठी नव्हता. पारशी धर्मविधींना सूर्यप्रकाश पडलेले विहिरीचे पाणी लागते, अनेक हिंदू घरांत विहिरीला देवत्व होते, आणि विहिरीत वस्ती करणाऱ्या शक्तींचा कोप होईल ही भीती शिकलेल्या घरांतही होती. काही ठिकाणी तारेची बारीक जाळी किंवा झडपेचे झाकण बसवून तडजोड निघाली. नगरपालिकेच्या सेवेत असलेले रुस्तम मसानी यांनी या वादातून निघालेल्या कुतूहलाने विहिरींविषयीच्या श्रद्धांचा अभ्यास केला आणि १९१८ मध्ये ‘फोकलोर ऑफ वेल्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे तेच मुंबईचे पहिले भारतीय आयुक्त झाले. डासांच्या मोहिमेने लोकसाहित्याच्या अभ्यासाला चालना द्यावी, ही घटना त्या काळातल्या मुंबईच्या बौद्धिक जीवनाची साक्ष देते.

१९२८ मध्ये गॉर्डन कॉव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापाची नव्याने पाहणी केली आणि बेंटलींचे निदान दृढ केले. शहरातला हिवताप मुख्यतः एका डासाचा आहे, तो डास विहिरी आणि टाक्यांचा आहे, म्हणून सर्व डासांशी लढण्यापेक्षा त्या एका प्रजातीच्या पाण्यावर लक्ष ठेवणे शक्य आणि पुरेसे आहे, असा त्या पाहणीचा आशय होता. झाकणे, शिड्या आणि टाक्यांची तपासणी यांवर उभी असलेली महापालिकेची आजची डासनियंत्रण व्यवस्था याच विचारातून आलेली आहे, आणि विहिरी-टाक्यांत सोडले जाणारे गप्पी मासे हा भक्षकांच्या त्याच उपायाचा विस्तार आहे.

या इतिहासाचे मोल ठरवताना यशाची अतिशयोक्ती टाळली पाहिजे. पिसूचे गुपित उलगडल्यानंतरही प्लेग भारतात अनेक दशके राहिला आणि त्याने एकूण एक कोटीहून अधिक बळी घेतले. उंदीर मारले की उरलेल्यांना अन्न अधिक मिळून त्यांची संख्या पुन्हा भरून येई, आणि कौलारू, कोंदट घरे बदलण्याचा खर्च सरकारने गरिबांसाठी क्वचितच केला. तथापि दोष कोणाचा या प्रश्नाचे उत्तर कायमचे बदलले होते. १८९७ मध्ये रोग्याच्या घरावर चालून जाणारी यंत्रणा छपराची रचना, धान्याची साठवण आणि पाण्याची झाकणे यांचा विचार करू लागली, आणि घरमालक, गिरणीमालक व नगरपालिका यांची जबाबदारी त्यात उघड झाली. अचलपूरला नाव मिळालेला डास २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबुतीत आणि २०१६ मध्ये इथिओपियात पोहोचल्याचे आढळले आहे, आणि तेथील वाढत्या शहरांतही तो बांधकामांवरच्या हौदांत व घरगुती टाक्यांत वाढतो. त्यामुळे कोणती प्रजाती, कोणते पाणी आणि ते पाणी कोणाच्या ताब्यात, हे गिरगावच्या विहिरींपुढे उभे राहिलेले तीन प्रश्न आज त्या शहरांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच क्रमाने विचारावे लागत आहेत.